काळ्या जात्याचा रपटा

आमच्या खैरीच्या रस्त्याला कोणी वाकडा म्हटलं की माझं डोकं फिरतं. या चैत्रात गावाकडे जाताना गाडी माझी लेक जुई चालवत होती. सिहोरा मागे पडलं, मोठा रस्ता सोडून आम्ही आमच्या वाटेला लागलो, आणि महुआच्या, म्हणजे मोहाच्या, झाडापाशी ते मोठं वळण आलं तशी ती वैतागून म्हणाली, "मम्मी, ये रोड किसने बनाया है? पीके बनाया क्या?" जुईला मराठी सगळं कळतं, पण तोंडातून हिंदीच निघतं. जबलपूरची पोरगी, तिला काय दोष द्यायचा. पुढच्या सीटवर माझी आई बसली होती, मांडीवर पदरात काहीतरी बांधून. ती खिडकीबाहेर पाहतच म्हणाली, "बैलानं आखला हा रस्ता. माह्या सासऱ्याच्या बैलानं." जुई हसली. तिला वाटलं, नानी गंमत करते.

गंमत कसली! पूर्वी खैरीला रस्ताच नव्हता. गाडवाट होती, ती दर साली कोणाच्या ना कोणाच्या शेतातून जायची आणि दर साली त्यावरून डोकी फुटायची. रस्ता करायचं ठरलं तेव्हा तो कोणाच्या बांधावरून न्यायचा यावर गावाचं एकमत होईना. मग ठरलं की माणसांचं राहू द्या. माझ्या आजोबांचा लाखा नावाचा म्हातारा बैल होता. सिहोऱ्याच्या बाजारातून गाडीवान झोपला तरी गाडी घरी आणून लावायचा. त्याला सिहोऱ्याच्या नाक्यावर मोकळा सोडायचा आणि तो जिथून घरी येईल तिथून रस्ता. सगळ्यांनी कबूल केलं. लाखा पुढे आणि अख्खं गाव मागून, पाट्यांमधून चुलीची राख शिंपत. लाख्यानं दलदल टाळली, खडक टाळला, चढ आला तिथे तिरपा चढला. आणि मग चैत्र होता ना, महुआ टपकला होता. लाखाबुवा सरळ झाडाखाली शिरला, पोटभर फुलं खाल्ली आणि तिथंच बसला. कोणी म्हणे उठवा त्याला. आजोबा म्हणाले, "शब्द देला ना आपण? मग उभे राहा गुपचूप." ऊन कललं तेव्हा लाखा उठला आणि झाडाच्या दुसऱ्या अंगानं घराकडे निघाला. राख तशीच पडत गेली आणि रस्ताही तसाच झाला. बसचे कंडक्टर आजही 'लाखा मोड़' म्हणूनच घंटी मारतात. तेव्हा जुई म्हणते ते अगदीच खोटं नाही. पडलेल्या महुआचं पोटभर जेवण झालेला बैल थोडा तर्र असणारच. पण त्या दलदलीत आजवर आमच्या रस्त्याचं एक चाक रुतलेलं नाही, हेही लक्षात ठेवा.

हे मी पाहिलेलं नाही, मी पाळण्यात होते. पण ऐकून ऐकून मला त्या राखेचा वाससुद्धा आठवतो. तुम्ही हसाल, हसा.

तर आम्ही निघालो होतो नाल्यावर. गावात माझा चुलतभाऊ दिनू राहतो, शेती पाहतो. त्याचा आठवडाभरापूर्वी फोन आला होता. "ताई, नवा पूल बनून राहिला. जुना रपटा उखडून टाकणार आहेत. दगड सगळे क्रशरमध्ये चालले. काकूचं त्यातलं काळं जातं काढून ठेवू का?" मी तर उडालेच. म्हटलं, "काढून ठेव म्हणजे? हात लावू देऊ नको कोणाला. मी येऊन नेते." सिविल लाइंसच्या मागे आमचं छोटं घर आहे, पुढे थोडं अंगण. तुळशीपाशी ते काळं जातं कसं दिसेल हे मी मनात मांडूनसुद्धा टाकलं. आल्यागेल्याला सांगता येईल, हे आमच्या आईचं. दिनूला सांगून एक पिकअप ठरवून टाकली. आई तिथंच बसून भाजी निवडत होती. तिनं सगळं ऐकलं आणि एवढंच म्हणाली, "मले घेऊन चल." नव्वदीला टेकलेली बाई, गुडघे बोलतात, पण आवाज असा की नाही म्हणायची सोय नव्हती. निघताना तिनं पिठाच्या डब्याशेजारच्या डब्यातून गहू काढून पदरात बांधले. कशाला ते मला माहीत होतं, म्हणून विचारलं नाही.

रपटा म्हणजे काय ते सांगते. पूल नाही. नाल्याच्या तळाशी दगड बसवून केलेली फरशी, एरवी तिच्यावरून गाडी जाते आणि पूर आला की पाणी जातं. लाखाच्या राखेनंतर मी चारपाच वर्षांची झाले तेव्हा कुठे सरकारनं आम्हाला रस्त्यासाठी मुरूम दिला, गिट्टी दिली, आणि बाकीचं तुम्ही करा म्हणून सांगितलं. रूळ काही आला नाही. मग आमच्या बायांनी धुम्मस मारून रस्ता दाबला. धुम्मस म्हणजे लांब दांड्याचं जड लोखंडी ठोकळं, दोन्ही हातांनी उचलायचं आणि आपटायचं. एका ओळीत उभ्या राहायच्या, मराठी घरातल्या आणि गावातल्या बाकीच्या, सगळ्या मिसळून. एक बाई ओरडायची, "दाब गं माती, दाब गं!" आणि बाकीच्या हिंदीतून उत्तर द्यायच्या, "सिहोरा दूर है, दाब री!" ते अर्धं मराठी अर्धं हिंदी गाणं कोणी रचलं कोणाला ठाऊक. ओल्या मुरमाचा लालसर वास, वर पळस पेटलेला, आणि धप्प, धप्प, धप्प. आमच्या छातीत वाजायचं ते. संध्याकाळी आई घरी यायची तेव्हा तिच्या पायांना गुडघ्यापर्यंत लाल रंग चढलेला असायचा. इकडे दिवाळीला बाया पाय रंगवतात ना, तशी ती उंबऱ्यात पाय पसरून बसायची आणि स्वतःच पाहत राहायची.

रस्ता झाला, पण नाला काही ऐकेना. पहिल्या साली रपट्याला गोटे बसवले, ते श्रावणात पुरानं गोट्यांसारखेच खेळत नेले. दुसऱ्या साली मोठे आणले, तेही गेले. रस्ता दोन्हीकडे तयार आणि मधोमध भोक. त्याच सुमारास सिहोऱ्यात पिठाची चक्की आली होती. लोक सांगायचे, पोतं टाकलं की ऊन ऊन पीठ बाहेर! आमच्या बाया ऐकायच्या आणि हाताचे घट्टे चोळायच्या. पहाटे कोंबड्याच्याही आधी उठून दळायचं, मग शेण, मग पाणी, मग शेत. चक्की नाल्याच्या पल्याड होती. डोक्यावर धान्य घेऊन नाला ओलांडायचा तर श्रावण भादव्यात तेही नाही.

मग कोणाला तरी सुचलं की जात्यांचे दगड द्या. जड असतात, चपटे असतात, पाणी हलवू शकत नाही. कोणाला सुचलं हे विचारू नका. गावात दहा जण सांगतात मलाच सुचलं म्हणून, आणि त्यातले पाच तर तेव्हा जन्मलेसुद्धा नव्हते. पण झालं खरं. घराघरातून जाती निघाली, जुनी, झिजलेली आणि रोजच्या दळणाचीही. कोणाचं गोठ्यात पडलेलं, कोणाचं मांडवाखाली. आमच्या भागातला दगड लालसर, मऊ. खालच्या लाल तळ्या, वरच्या लाल पाळ्या, एकेक करून नाल्यात मांडल्या. दोन्ही काठांकडून बसवत बसवत आले आणि मधोमध, जिथे धार सगळ्यात जोराची, तिथे जागा उरली. तिथे लाल दगड टिकणार नाही हे सगळ्यांना दिसत होतं. तरी मागायला कोणी पुढे येईना. कारण गावात एकच जातं काळ्या दगडाचं होतं, सगळ्यात रुंद, सगळ्यात जड, आणि ते झिजलेलं नव्हतं. ते माझ्या आईचं.

आई वर्ध्याकडची. तिच्या लग्नात तिच्या वडिलांनी दागिना फारसा दिला नाही, जातं दिलं. तिकडचा काळा पत्थर, तिकडच्याच पाथरवटानं घडवलेला. रेल्वेनं आणि मग बैलगाडीनं ते खैरीला आलं. माझी आजी, म्हणजे आईची सासू, पहिल्या दिवशी म्हणाली होती, "लेकीसोबत दगड पाठवला!" पण आईनं त्यावर पहिलं पीठ काढलं तेव्हा आजीनं चिमटीत घेऊन पाहिलं आणि पुन्हा कधी त्याला दगड म्हटलं नाही. त्या जात्याचा आवाज वेगळा होता. बाकीची जाती घरघरायची, हे गुणगुणायचं. पहाटे अंथरुणात मला तो आवाज आधी पाठीला कळायचा, मग कानाला. पिठाचा उबदार वास, कंदिलाची वात, आईच्या बांगड्यांची लय. ते मी सांगू लागले तर दिवस पुरायचा नाही. पुष्कळदा वाटतं की माझं बालपण त्या जात्याभोवतीच फिरलं.

त्या दिवशी बाबा गाडी घेऊन सिहोऱ्याला गेले होते. आईनं दुपारी खुंटा काढला, वरची पाळी कलती करून उभी केली. आजी दारात येऊन उभी राहिली. "काय करून राहिली?"

"रपट्याला देते."

"माहेरचं? डोकं ठिकाणावर आहे का तुहं? उद्या नाल्यानं नेलं तर दळशील कशावर? कपाळावर?"

आई म्हणाली, "म्हणूनच देते. आपलंच त्यात असंन तर रपट्यावर सगळे जीव लावतीन. आणि हे काळं वाहून नाही जात."

आजी बाजूला झाली नाही. तशी आई पाळी लोटत तिच्या शेजारून तिरपी निघाली. पाळी उचलून न्यायची तर चार माणसं लागली असती. आईनं ती चाकासारखी घरंगळवत नेली. समोरच्या घरातून सुखिया चाची धावत आली, आईची मैत्रीण, गावातली जुनी बाई. "अरी बहू, पगला गई क्या? रुक, अकेली मत ढकेल!" आणि तिनं दुसऱ्या बाजूनं हात लावला. आमच्या बायांनी दाबलेला तो रस्ता, त्यावरून दोन बाया एक काळा दगड लोटत चाललेल्या, आणि मागे आम्ही सगळी पोरं ओरडत. आमच्या नव्या रपट्यावर चढलेलं पहिलं चाक माझ्या आईच्या जात्याचं आहे. हे मी कोणालाही छाती ठोकून सांगते. तळीही त्याच वाटेनं आली. दोन्ही मधोमध बसवल्या, भोकं उघडी ठेवून. तशीच सगळी बसवली होती, कारण भोकं बुजवायची असतात का, हा विचारच कोणाला आला नव्हता.

संध्याकाळी बाबा परतले. नाल्याच्या काठावर त्यांनी गाडी थांबवली. लाल दगडांच्या मधोमध काळं पाहिलं, आणि खाली उतरून बैलांची दोरी धरून चालत रपटा पार केला. जोडा हातात घेऊन. घरी ताटावर बसल्यावर एवढंच विचारलं, "मग आता पीठ?"

"चक्कीवर," आई म्हणाली. "रस्ता आहे ना."

बाबा हसले नाहीत, पण त्या रात्री त्यांनी आजीसमोर आईला दुसरी भाकर स्वतः वाढली. आमच्या घरात तेव्हा हे मोठंच होतं.

पुढे दुसऱ्या दिवसापासून पहाट मुकी झाली. ते मात्र सांगायलाच पाहिजे. मी जागी व्हायचे आणि पाठीला काहीच कळायचं नाही. आईही उठून बसायची सवयीनं. हात गुडघ्यांवर ठेवून, काळोखात, बिनकामाची. मग हळूच म्हणायची, "झोप, झोप, आज काही नाही." तिला ते सुखाचं वाटत होतं की दुःखाचं, तेव्हा मला कळलं नाही. आता माझ्या वयाला कळतं की दोन्ही.

मग श्रावण आला. असा आला की काठावरचा उंबर निम्मा बुडाला. पाणी गढूळ, फेसाळ, लाकडं वाहत आलेली, आणि वास, कुजक्या पानांचा आणि ओल्या लोखंडासारखा. सगळं गाव काठावर. चक्की पल्याड आणि गावात एकही जातं धड नाही, सगळी पाण्याखाली. रपटा गेला तर आमच्या पोटाचंही गेलं, ही साधी गोष्ट होती. घरातलं पीठ संपलं तसं आम्ही भात खाल्ला, मग भाजलेले चणे. आजी पिठाचा रिकामा डबा पुन्हा पुन्हा उघडून पाहायची, आणि तेच आईला जास्त लागत असावं. ती कोरड्या डोळ्यांनी नाल्याकडे पाहत राहायची.

पाणी जरा उतरलं तेव्हा एक नवल दिसलं. रपट्यावर अजून वीतभर पाणी होतं आणि त्यातून जागोजाग फवारे उडत होते! जात्यांच्या भोकांतून. खालून दाबलेलं पाणी भोकांतून वर येत होतं, नाचत होतं. मधोमधचा सगळ्यात उंच. पोरं टाळ्या पिटायला लागली. सुखिया चाची म्हणाली, "देख बहू, तेरी चक्की पानी पीस रही है!" दगड एकही हलला नव्हता. नंतर कोणी शहाण्यानं सांगितलं की ती भोकं होती म्हणूनच रपटा टिकला, नाहीतर खालच्या पाण्यानं फरशी उचलून फेकली असती. झालं! तेव्हापासून गावातला जो तो सांगतो की भोकं मुद्दाम उघडी ठेवली होती. मी तिथं होते. कोणी काही मुद्दाम ठेवलं नव्हतं. पण मीही कोणाला खोडत नाही. एवढ्या दगडांनंतर एवढी बढाई गावाला शोभते.

बाबा त्याच दुपारी पोतं घेऊन गेले आणि दिवे लागायला परत आले. आईनं पोत्यात हात घातला. पीठ अजून कोमट होतं. तिनं ते मुठीत दाबलं, आजीकडे पाहिलं आणि म्हणाली, "चला, कणीक भिजवते. भूक लागली." पुराचा सगळा वेळ तिनं धड काही खाल्लं नव्हतं, हे तेव्हा आमच्या लक्षात आलं.

त्यानंतरच्या लग्नसराईपासून रीत पडली. नवी सून गावात यायची तर नाल्यावर गाडी थांबायची, ती उतरायची आणि सासरच्या जात्याच्या भोकात मूठभर धान्य घालायची. दळताना जात्यात घालतात तशी वैरण. लेक सासरी निघाली की तीही घालायची. माझं लग्न झालं, जबलपूरला निघाले, तेव्हा काळ्या जात्यापाशी वाकले आणि रडत रडत सगळी मूठ एकदम रिकामी केली. आईनं माझं मनगट धरलं. "अशी नाही घालत. भरड निघते. थोडी थोडी घाल." लग्नाच्या दिवशीसुद्धा शिकवणी! मी रडता रडता हसले. तिनं पुन्हा पदरातले गहू माझ्या मुठीत दिले आणि मी थोडे थोडे घातले. पुढे गाडी, सायकल, मग मोटार, जे जे त्या दगडांवरून गेलं त्याचा आवाज गावात ऐकू यायचा. लाल दगडांवर खडखड, आणि मधोमध एकच घुमलेला ठोका. त्या ठोक्यावरून आई चुलीवर तवा ठेवायची, बाबा आले म्हणून.

तर असे आम्ही त्या दिवशी नाल्यावर पोचलो. पिवळं मशीन एका काठाला उभं, नव्या पुलाचे खांब वर आलेले, आणि रपटा अर्धा उकरलेला. लाल जाती काठावर ढिगात. काळ्या जात्याचे दोन्ही दगड दिनूनं बाजूला काढून ठेवले होते, धुऊनसुद्धा. बायांची गर्दी जमली होती. सुखिया चाची आता नाही, तिची नातसून होती. साइटवरचा इंजिनियर साताऱ्याकडचा पोरगा, अभिजित नावाचा. आम्ही मराठी बोलतो ऐकून त्याचा चेहराच उजळला. "तुम्ही इथले? मराठी?"

"आम्ही इथलेच. तुम्ही नवीन आले," मी म्हटलं.

तो हसला. म्हणाला, "न्या आजी तुमचं जातं. बाकीचे दगड उद्या क्रशरला जातील." मी पिकअपवाल्याला हात केला. माणसं पाळी उचलायला वाकली.

"थांबा," आई म्हणाली. काठी टेकत पुढे आली. "उचलू नका."

"अगं आई, घरी नेऊ ना. अंगणात ठेवू. सगळे पाहतीन."

"अंगणात काय करन ते? बसून राहीन माह्यासारखं?" मग इंजिनियरकडे वळली. "बाबू, म्या हे रस्त्याले देलं होतं. तुह्या पुलात जागा नाही का याले?"

अभिजित गडबडला. "आजी, पुलात नाही घालता येत. सगळं काँक्रीट आहे. नियम असतात."

मला आईची दया आली आणि रागही आला. एवढ्या लांब येऊन हा हट्ट! मी म्हटलं, "काहून करून राहिली असं? क्रशरमध्ये जाऊ देशील, पण घरी नाही आणू देणार?" आई काळ्या दगडाशेजारी जमिनीवर बसली आणि त्याच्या कडेवर हात ठेवला. त्या क्षणी मला दिसलं की हा दगड माझ्या अंगणात आला तर तिनं दिलेलं तिच्याकडे परत येईल, आणि तेच तिला नको आहे. माझा राग पार उतरला. मीच अभिजितला म्हटलं, "भैया, बघा ना काहीतरी."

पोरगा भला. डोकं खाजवत काठाकडे पाहत राहिला. मग म्हणाला, "काठाला दगडी पिचिंग करायचं आहे. म्हणजे पुराच्या पाण्यानं काठ कापू नये म्हणून उतारावर दगड बसवतो आम्ही. तिथं चालेल. जड, चपटे दगडच लागतात."

आईनं मान वर केली. "पाण्याच्या तोंडाशी?"

"हो आजी. वरच्या अंगाला. पुराचा पहिला मार तिथंच बसतो."

"मग ठीक," आई म्हणाली.

आणि मग काय झालं सांगू? सुखिया चाचीची नातसून पदर खोचून पुढे आली. "भैया, फिर हमारा भी वहीं लगेगा. नानी का लगेगा तो हमारा काए नहीं?" तिच्यामागे दुसरी, तिसरी. ढिगातली आपापली जाती बाया दाखवायला लागल्या, भांडायला लागल्या, हे आमचं, ते तुमचं. अभिजित नुसता हो हो करत होता. त्या संध्याकाळपर्यंत त्यानं काळे दोन्ही दगड वरच्या अंगाला सगळ्यात पुढे बसवले, आणि त्यांच्या मागे लाल. भोकं बाहेर. फटींत सिमेंटचा मसाला भरायला माणसं उभी होती. आईनं पदराची गाठ सोडली. जुईनं तिला कमरेला धरून उतारावर वाकवलं, आणि आईनं पाळीच्या भोकात गहू घातले, थोडे थोडे, थांबत थांबत. मसाल्याची पाटी घेऊन उभा असलेला माणूस चुळबुळला. मी त्याच्याकडे असं पाहिलं की त्यानं पाटी खाली ठेवली. शेवटची चिमूट आईनं जुईच्या हातात दिली. जुईनं माझ्याकडे पाहिलं. "कैसे, मम्मी?"

"थोडी थोडी," मी म्हटलं. "भरड निघते नाहीतर."

पिकअप रिकामी परत गेली. लाखा मोडावर जुईनं न सांगता गाडी हळू केली. महुआ टपकत होता, सगळ्या गाडीत तो गोड, जड वास भरला. आई डोळे मिटून बसली होती. मी मागून तिच्या डोक्याकडे पाहत होते, विरळ पांढऱ्या केसांकडे, आणि मला इतका अभिमान वाटला की पुढे वाकून मी तिचा पदर सारखा केला.

आता श्रावण आहे. काल दुपारी दिनूचा फोन आला. खैरीला पूर आलाय, नवा पूल उभा आहे, गाव काठावर जमलंय. त्यानं फोन पाण्याकडे धरला. जुईनं आवाज मोठा करून फोन आईच्या कानाशी नेला. खोलीभर तो घोंघावणारा आवाज भरला. पाऊस लागल्यापासून दोन दिवस आई नीट जेवली नव्हती. मी ताप असेल म्हणून कपाळ चाचपत होते, डॉक्टरला बोलवू का विचारत होते, आणि ती नाही नाही करत होती. तिनं फोनमध्ये विचारलं, "दिनू, काळं हललं तर नाही?"

"नाही काकू! जागचं नाही हललं. पाणी येऊन आपटून राहिलं अन् परत फिरून राहिलं."

"अन् लाल?"

"तेही आहेत सगळे."

आईनं फोन जुईला दिला, पाय खाली सोडले आणि माझ्याकडे पाहिलं.

"कणीक भिजव," ती म्हणाली. "भूक लागली."